एका तासाची खिडकी

पाठीत 'फुंकर' नावाचं यंत्र बसवलं त्या आठवड्यात एका सकाळी सर्जेराव खोतांनी हॉस्पिटलच्या भाकरीचा तुकडा मोडला, बोटांत चुरून बघितला आणि ताट बाजूला सारलं.

"महिन्याभराचं शिळं पीठ हाय," ते म्हणाले. "विरी गेलीया पार. असल्या पिठाची भाकरी तव्यापातूर तरी जाती का? हातातच चिरती. कोण आणतंय हे पीठ? बोलवा त्याला."

शेजारच्या कॉटवरचे कासीमभाई तांबोळी हसले. गोळ्या वाटणारी सिस्टर सलोमीही हसली. सर्जेरावांची मुलगी अक्षता मात्र दाराकडं तोंड करून उभी राहिली, कारण तिला रडू येत होतं आणि ते आप्पांना दिसायला नको होतं. बापानं भाकरीला नावं ठेवली म्हणून रडणारी मुलगी जगात विरळाच. पण गेला दीड महिना या माणसाच्या तोंडून कण्हण्यापलीकडं काही निघालं नव्हतं. ज्यानं सगळी हयात गावाची ज्वारी दळली, तो चमचाभर पेज बघून तोंड फिरवत होता. आता तो पिठात खोट काढायला लागला होता, म्हणजे तो परत आला होता.

"आप्पा, दुखतंय का?" तिनं विचारलं.

"कुटं? काय बी न्हाई," असं म्हणून आप्पांनी दोन्ही हात वर करून झकास आळस दिला.

आधीचे दिवस अक्षताला आठवायचे नव्हते, पण ते न बोलावता येत. नुसती कूस बदलायची म्हटली तरी आप्पा असे ओरडत की वॉर्डातली माणसं माना वळवत. "मारून टाका रं मला," असं ते छताकडं बघून म्हणत. तसं झालं की अक्षता उठून बाहेर जायची. व्हरांड्यात पाण्याचा फिल्टर होता. ती नळ पूर्ण सोडायची आणि पेला भरून वाहिला तरी धरून उभी राहायची, कारण पाण्याच्या आवाजात आतलं ऐकू येत नसे. गोळ्या झाल्या, पाठीवर चिकटवायच्या पट्ट्या झाल्या, शेवटी मॉर्फीन झालं. मॉर्फीननं दुखणं थांबायचं, पण सोबत आप्पाही थांबायचे. दिवसदिवस झोप, पोट गच्च, आणि जाग आली की भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायच्या.

आजार प्रोस्टेटच्या गाठीतून निघालेला कॅन्सर होता आणि तो पाठीच्या मणक्यांत उतरला होता. आप्पांना मात्र सांगितलं होतं की मणक्यातली गादी सरकलीय. रोज खाली तळघरात नेऊन किरणं द्यायचे, त्याला सगळेजण 'शेक' म्हणत. पाठ दुखणाऱ्याला शेक देतात, यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. हा विभागही सगळ्या तऱ्हेच्या दुखण्यांचा होता. भाजलेले, हातपाय तुटलेले, पाठीचे, असे सगळे एकत्र. त्यामुळं दारावरची पाटी वाचूनही कुणाला काही कळलं नसतं.

अक्षतानं हे खोटं उगाच रचलं नव्हतं. ती शाळेत होती तेव्हा तिची आई, शालन, कॅन्सरनंच गेली होती. आईला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. वर्ष निघेल म्हणालेले डॉक्टर खोटे पडले. आईनं अन्न सोडलं, भिंतीकडं तोंड केलं आणि महिन्याच्या आत ती गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा एकच वाक्य सांगत, "रोगानं न्हाई गेली शाली. नाव ऐकून गेली." अक्षतानं ते वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की आप्पांचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा तिला विचार करावाच लागला नाही. नाव आप्पांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढं तिचं ठरून गेलं.

मग डॉक्टर सई इनामदारांनी तिला बोलावून घेतलं. त्या विभागाच्या प्रमुख होत्या. बोलण्यात रोखठोक, पण घाई नसलेल्या.

"दुखतं ते मणक्यात नाही, दुखतं मेंदूत," त्या म्हणाल्या. "मणक्यातून नुसता निरोप निघतो. मज्जारज्जूतून तो वर चढतो आणि मेंदूनं वाचला की माणूस ओरडतो. फुंकर तो निरोप वाटेत अडवते."

फुंकर म्हणजे मज्जारज्जूच्या मागं सरकवलेली एक बारीक, लवचिक पट्टी. तिच्यावर विजेची शेकडो टोकं. पहिले काही दिवस ती काहीच करत नाही, नुसती ऐकते. माणूस खोकला, वळला, झोपला की त्याच्या मज्जारज्जूतून कसले कसले निरोप जातात ते शिकते. प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं आणि यंत्राला ते ओळखू यावं लागतं. एकदा ओळख पटली की निरोप निघताक्षणी पट्टी त्याच्या विरुद्ध बारीक झटके सोडते, आणि निरोप मेंदूपर्यंत जाईतो विरून जातो. विजेला जे आवरत नाही त्यासाठी पोटाच्या कातडीखाली सुपारीएवढा पंप असतो. तो मॉर्फीन थेट मज्जारज्जूपाशी सोडतो, तेही इतकं थोडं की झापड येत नाही. कॉटजवळच्या पडद्यावर शून्य ते दहामधले दोन आकडे दिसतात. किती दुखणं निघालं ते वर, आणि माणसाला किती पोचलं ते खाली.

"मग खालचा आकडा शून्य करता येतो?" अक्षतानं विचारलं.

"येतो. पण त्यात एक धोका आहे." डॉक्टर पुढं सरकून बसल्या. "दुखणं नुसतं छळत नाही, ते राखणही करतं. तुमच्या वडिलांचे मणके वाळवी लागलेल्या तुळईसारखे झालेत. दुखतंय म्हणून ते वाकत नाहीत, काही उचलत नाहीत. दुखणं काढून घेतलं की हे सगळं त्यांनी समजून-उमजून सांभाळायचं. म्हणून आमचा नियम आहे. आजार काय आहे हे ज्याला माहीत आहे, त्याची फुंकर आम्ही पूर्ण सोडतो. ज्याला माहीत नाही, त्याला खिडकी ठेवतो."

"खिडकी म्हणजे?"

"थोडं दुखणं आत येऊ देतो. चार-पाचाच्या आसपास. वाकला, वजन उचललं, की त्याला कळावं म्हणून."

"दिवसभर?"

"दिवसभर. वडिलांना माहीत आहे का?"

अक्षतानं मान हलवली.

"मग सांगा. नाही जमलं तर मी सांगते. उद्यापर्यंत मला कळवा."

त्या संध्याकाळी ती आप्पांच्या उशाशी बसली. खरंच सांगायचं ठरवून बसली होती. आप्पांनी डोळे उघडले, तिचा हात चाचपून धरला आणि म्हणाले, "अक्षू, ही गादी लई वाईट गं." त्यांच्या तोंडून 'गादी' हा शब्द ऐकला आणि तिचा धीर गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं," अक्षता म्हणाली.

"काय म्हणाले?"

याची तयारी तिनं केली नव्हती. पण खोटं एकदा सुरू झालं की पुढचं आपसूक सुचतं. "थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बरं. परत त्याचा विषय काढायचा नाही म्हणाले. डॉक्टरांनीही काढू नये म्हणाले."

पंचक्रोशीतला कुणीही शपथेवर म्हणाला असता की सर्जेराव खोत अगदी असंच बोलतील. डॉक्टरांना पटलं. त्यांनी फक्त आप्पांच्या कॉटजवळ उभं राहून बजावलं, "वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, सिस्टरला विचारल्याशिवाय काही करायचं नाही." आप्पांनी मान डोलावली. गादी सरकलेल्या माणसालाही डॉक्टर हेच सांगतात.

आणि खालचा आकडा शून्यावर आला.

उरला प्रश्न कासीमभाईंचा. ते एसटीचे ड्रायव्हर होते. आता गाड्या आपल्याआपण धावतात. ज्यांनी स्वतःच्या हातानं स्टिअरिंग धरलं त्यांच्यातल्या शेवटच्या माणसांपैकी ते एक, आणि हे ते नव्या नर्सलाही पहिल्या भेटीत सांगत. साखरेच्या आजारानं त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता, पण नसलेल्या पायाची बोटं रात्रंदिवस जळत, म्हणून फुंकर. आप्पांचं आणि त्यांचं चांगलंच सूत जुळलं होतं. शेजारी राहून आप्पांचा खरा आजार त्यांच्या कानावर आलेला होता, म्हणून अक्षतानं त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"चाचा, आप्पांना आजाराचं नाव ठाऊक नाही. तुमच्या तोंडून चुकून..."

कासीमभाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "अल्लाची शपथ, पोरी. जीभ तुटली तरी माज्याकडनं शब्द जायचा न्हाई."

पुढचे दिवस इतके चांगले गेले की अक्षताला कधीकधी त्यांची भीती वाटायची. आप्पा दाढी करायला लागले. वॉर्डातल्या बायकांना ज्वारी कुठली घ्यावी ते सांगायला लागले. गावी फोन लावून त्यांनी सुताराला बोलावून घेतलं, म्हणजे फोनवरच. गिरणीचा वरचा दगड गुळगुळीत झाला होता, छिन्नीनं टाकी लावून तो पुन्हा खरबरीत करून घ्यायचा होता. दगड उचलायची कप्पीही जुनी झाली होती.

"दिवाळीच्या आत नवी कप्पी बसीव. मी येतोयच," असं त्यांनी सुताराला बजावलं आणि फोन ठेवून अक्षताला म्हणाले, "मशीननं गादी बसिवली बघ जागच्या जागी. आता हितं पडून काय करू?"

"शेक संपू दे, आप्पा. मग जाऊ."

"आन् दिवाळीचं?"

"हो, दिवाळीच्या आत."

शेक संपला की घरी नेऊन निवांत सांगायचं, असं ती मनाला समजावत होती. पण खरं सांगायचं तर तिलाही आता ते तितकंसं खरं वाटत नव्हतं. समोर बसून चहात बिस्किट बुडवणाऱ्या माणसाच्या पाठीत मरण बसलंय यावर कुणाचा विश्वास बसेल? पडद्यावरचा वरचा आकडा सात-आठ दाखवायचा. तिकडं बघायचं तिनं सोडून दिलं होतं.

एका दुपारी तिचा नवरा गेटवर डबा घेऊन आला होता. डबा घेऊन ती वर आली, तर आप्पा आणि कासीमभाई दोघंही कासीमभाईंच्या कॉटवर चिंब भिजून बसलेले. गुरुजींनी पकडलेल्या पोरांसारखे दोघांचे चेहरे. आप्पांच्या कॉटजवळ मशीन टीं टीं करत होतं. वर दहा, खाली शून्य.

सिस्टर सलोमी धावत आली. "आजोबा, काय झालं? पडलात का?"

"मी? न्हाई बा."

"काही उचललंत?"

"तांब्या उचलला की. त्योच सांडला." आप्पा हसले. कासीमभाई जमिनीकडं बघत होते.

सिस्टरनं आप्पांची पाठ बोटांनी दाबून पाहिली. "दुखतं?" "न्हाई." "इथं?" "अजाबात न्हाई." गेल्या आठवड्यात आप्पांना मोठा ठसका लागला तेव्हाही मशीन असंच बोंबललं होतं आणि निघालं काही नव्हतं. तरीही तिला चैन पडेना. तिनं अक्षताला दाराशी नेऊन हळू आवाजात विचारलं.

"यांना सगळं माहीत आहे ना? मग ते लपवायचे नाहीत. माहीत असलेला पेशंट पडला तर स्वतःहून सांगतो. तुम्हाला काय वाटतं, पाठीचा एक्स-रे फोटो काढून घेऊ या का?"

हीच ती वेळ होती. 'नाही सिस्टर, त्यांना काहीच माहीत नाही,' एवढंच म्हणायचं होतं. आप्पा समोर होते, हसत होते, आणि त्यांच्या मिशीवर पाण्याचे थेंब होते.

"नाही लपवणार ते," अक्षता म्हणाली. "उद्या शेकाच्या वेळी बघू या."

सिस्टरनं मशीनचा आवाज बंद केला.

दुसऱ्या सकाळी आप्पा उठायला गेले आणि त्यांचे पाय आले नाहीत. कमरेपासून वरचा माणूस वळला, खालचा तसाच पडून राहिला. आधी ते हसले. "झोपल्यात लेकाचे," म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. मग पुन्हा मारली, जरा जोरात. मग त्यांनी अक्षताकडं बघितलं.

"अक्षू, मला लागंना गं."

मग धावपळ झाली, फोटो झाले, मणक्यांचे सर्जन येऊन गेले. पोखरलेला मणका खचून बसला होता आणि हाडाचा चुरा मज्जारज्जूवर आला होता. दुसरा कुणी असता तर मणका बसला त्या क्षणी किंचाळला असता, सगळा वॉर्ड जमा झाला असता, आणि हातात काही तास मिळाले असते. आप्पांच्या मणक्यानंही निरोप धाडला होता, दहाच्या दहा. फुंकरीनं तो इमानानं अडवला. आता ऑपरेशन करून पाय परत येणार नव्हते.

डॉक्टर इनामदार आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. त्या आप्पांच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि स्वतःला आवरू शकल्या नाहीत.

"सर्जेराव, सगळं समजावल्यावरसुद्धा? कॅन्सरनं मणके पोखरलेत, काही उचलू नका, एवढंच सांगितलं होतं ना तुमच्या मुलीनं?"

ज्या नावासाठी अक्षतानं एवढा खटाटोप केला, ते नाव असं भर वॉर्डात, रागाच्या भरात, त्यांच्यावर येऊन पडलं. आप्पांनी हळूहळू मान वळवून तिच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग ते डॉक्टरांना म्हणाले, "व्हय. सांगितलं हुतं पोरीनं. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

डॉक्टरांचा राग ओसरला. त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलल्या आणि निघून गेल्या. आप्पांनी डोळे मिटून घेतले. लेकीचं खोटं त्यांनी चारचौघांत पदरात घेतलं होतं, पण तिच्याशी ते त्या दिवशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत.

बोलले ते कासीमभाई. भर दुपारी ते अक्षतासमोर हमसून रडायला लागले.

"मी पडलो, पोरी. न्हाणीत कुबडी घसरली. सिस्टरला कळलं आस्तं तर घरला सोडणं लांबलं आस्तं, म्हनून मी वरडलो न्हाई. खोत आलं. म्हनलं, उठा, जलमभर पोती उचलल्यात म्या. मी म्हनलं, नगा खोत, तुमी नगा उचलू. तर म्हनले, का? आता का ते कसं सांगू? तुज्यापुढं शपथ घेतलेली. मी आपलं म्हनलं, तुमची गादी हाय. तर हसून म्हनले, गादी बसली." त्यांनी लुंगीच्या टोकानं तोंड पुसलं. "आन् मला पोरासारखं उचललं. एका शब्दाचं काम हुतं, पोरी. तोंडात आल्याला शब्द मी गिळला."

"गप बसा, कासीमभाई," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "तुमचा काय दोष न्हाई."

दोष कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच अक्षताला जवळ बसायला सांगितलं.

"किती दिस हैत?"

तिनं या खेपेला काही झाकलं नाही. "चारसहा महिने म्हणाले होते. आता त्याहून कमी."

"गावात कुणाकुणाला ठाव हाय?"

"सगळ्यांना, आप्पा."

"सुताराला?"

तिनं मान खाली घातली.

"त्यो बी म्हनला दिवाळीच्या आत बसवतो म्हनून. कप्पीचं माप बी इचारलं त्यानं." आप्पांनी मान तिच्याकडं वळवली. "सगळा गाव माजं मरान वाटून घेऊन बसला आन् मी हितं टाकी लावायच्या गोष्टी करतोय. येडा केलास गं मला."

अक्षता रडायला लागली. "आप्पा, आईचं बघून मी घाबरले. नाव ऐकून गेली, असं तुम्हीच म्हणायचात ना? लोकांना सांगायचात."

आप्पांनी चादरीची घडी हातानं सपाट केली.

"खोटं सांगत हुतो," ते म्हणाले. "नाव ऐकून काय हुतंय? त्या दिसात आपल्याकडं नुसत्या गोळ्या मिळायच्या. मोठ्या दवाखान्यात न्यायला पायजे हुतं, न्हाई नेलं. तिला दुखायचं. पदराचा बोळा तोंडात धरायची. भिंतीकडं त्वांड करून पडायची, ते तुला तिचं त्वांड दिसू ने म्हनून. आन् मी काय करायचो? गिरणी चालू करून बसायचो. दळान नसलं तरी मोकळीच चालवायचो. मोकळी चालवली की दगूड झिजतोय, हे काय मला ठाव न्हवतं? पर आवाज हुता न्हवं."

अक्षताला ते आठवलं. त्या दिवसांत गिरणी उशिरापर्यंत घरघरत असायची आणि तिला वाटायचं, यंदा आप्पांना खूप दळण आलंय. तिला व्हरांड्यातला नळही आठवला.

"एकदा बी इचारलं न्हाई मी शालीला," आप्पा म्हणाले, "दुकतंय का म्हनून. तिनं व्हय म्हनलं आस्तं, तर मग मी काय केलं आस्तं? म्हनून लोकांला सांगितलं, नावानं गेली. त्येच तू खरं धरलंस."

त्या संध्याकाळी डॉक्टर फेरीला आल्या तेव्हा आप्पांनी त्यांना थांबवलं. ती खिडकी की काय असते, ती मला ठेवा, असं ते म्हणाले. खिडकीचं अक्षतानं त्यांना सांगितलं होतं. आता सांगायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं तिनं. डॉक्टरांना हे ऐकूनच बरं वाटेना.

"आता कशासाठी, सर्जेराव? पाय गेलेत, पण मोडलेल्या जागेच्या वर सगळं शाबूत आहे. तिथं भयंकर दुखेल. आणि आता जपण्यासारखं..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"जपाय न्हाई. कळाय पायजे. ते शून्य बघितलं की मला पुन्ना वाटाय लागतंय, मी बरा झालो. काल सपनात मी दगूड उचलत हुतो, आन् जाग आल्यावर बी वाईच येळ खरंच वाटलं. असं फशी पडून मला मरायचं न्हाई." ते थोडे हसले. "दिवसभर नगं. मी काय साधू न्हाई. सकाळचा एक तास. बाकीचा येळ तुमची फुंकर असू द्या."

डॉक्टरांनी अक्षताकडं पाहिलं. तिला नाही म्हणावंसं वाटत होतं, अगदी मनापासून. तिनं मान डोलावली.

सकाळी सिस्टर सलोमीनं पडद्यावर बोट फिरवलं. खालचा आकडा थोडा वेळ शून्यावर अडून राहिला, मग एक झाला, तीन झाला, पाच झाला. आप्पांच्या हाताची पकड कॉटच्या दांड्यावर घट्ट झाली. कासीमभाईंनी कुबडी घेतली आणि ते खालमानेनं वॉर्डाबाहेर गेले. अक्षताही उठून उभी राहिली. तिच्या पायांना व्हरांड्याची वाट पाठ होती.

"बस," आप्पा म्हणाले.

ती बसली.

"आता इचार. रोज इचारायचं. मी सांगनार, आन् तू ऐकायचं. उठून जायाचं न्हाई."

आकडा सहावर गेला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "दुखतंय का?"

"दुकतंय," आप्पा म्हणाले, आणि कुठं दुखतंय, कसं दुखतंय, ते सांगायला लागले. मणक्यापासून ते बरगड्यांना वेढा घालून पुढं कसं येतं, श्वास घेतला की कुठं टोचतं, सोडला की कुठं जळतं. मधेच त्यांचे दात आवळले जात आणि शब्द थांबे. मग ते पुन्हा तिथूनच सुरू करत. बाहेर कुणीतरी फिल्टरचा नळ सोडला होता. आप्पांनी धापा टाकत डोळे उघडले.

"ऐकतीयास न्हवं?"

"ऐकतेय, आप्पा," अक्षता म्हणाली. "सांगा."